साताऱ्यातली दगडी जनावरं: दोन दिवसांची भटकंती

भाचीला साताऱ्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, विषय प्राणिशास्त्र. तिला सोडायला म्हणून गेलो आणि तिच्याबरोबर दोन दिवस राहिलो. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ 2021 साली स्थापन झालं, पण त्यातलं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चं. माझ्या पिढीच्या तोंडी अजून ‘शिवाजी कॉलेज’च आहे. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेची खूण म्हणजे वड. आवारातून बाहेर पडून कर्मवीरांच्या समाधीला नमस्कार केला आणि वर ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाला चढलो. समोर अजिंक्यतारा, खाली सगळं शहर. तिथे भाचीने विचारलं, “मामा, इथे बघण्यासारखे प्राणी कुठे आहेत?” तिला कासचं जंगल म्हणायचं होतं. माझ्या मनात मात्र दगडातले प्राणी आले. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारून गेलोय, थांबलो मात्र कधीच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी लिंबची बारा मोटांची विहीर. साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने हायवेला पंधरा-सोळा किलोमीटर, मग लिंब फाट्यावरून आत. एसटीने गेलात तर फाट्यावर उतरून चालायची तयारी ठेवा. तिकीट नाही, पण आसपास हॉटेलही नाही, तेव्हा पाणी आणि डबा साताऱ्यातूनच घ्या. विरूबाई भोसले यांनी ही विहीर 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. वरून पाहिली तर आकार शिवलिंगाचा. विहिरीतच महाल आहे, आणि दगडात हत्ती, घोडे, गणपती, हनुमान कोरलेले आहेत.

आम्ही खिळून राहिलो ते शरभापाशी, म्हणजे शिल्पांतल्या काल्पनिक प्राण्यापाशी. वाघासारखं अंग, पंज्यात हत्ती. हत्तीपेक्षा शरभ मोठा! भाची बराच वेळ बघत राहिली. “नखं मांजरकुळातली आहेत,” ती म्हणाली, “पण चेहरा कुठल्याच प्राण्याचा नाही.” किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ दिसतो तो सत्तेची खूण म्हणून. इथे पाण्याच्या जागेवरही त्याचा पहारा आहे, हे मला फार आवडलं. मग तिला काठावर नेऊन मोटांच्या जागा दाखवल्या. पाणी उपसायची चामड्याची मोट, तिचा दोर म्हणजे नाडा, बैल उतरायचे ती धाव, पाणी पडायचं ते थारोळं, यातला एकही शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. शरभ मिरवायला आणि बैल राबायला, अशी त्या काठावर जनावरांची वाटणी होती. बैलांचं शिल्प कोणी कोरलं नाही, पण ही विहीर चालली ती त्यांच्या खांद्यावर.

पावसाळ्यात जाणार असाल तर पायऱ्यांना शेवाळ असतं, भिंतीला हात लावूनच उतरा. आणि कृपा करून शिल्पांवर चढून फोटो काढू नका. आमच्यासमोर एक जण हत्तीच्या पाठीवर बूट ठेवून उभा होता. सांगितल्यावर उतरला, पण माझं मन दिवसभर खट्टू राहिलं.

दुपारी वाई. साताऱ्याहून एसटी भरपूर आहेत, लिंबहून मात्र आधी हायवेला यावं लागतं. ढोल्या गणपतीला सगळे जातात, पण दर्शन घेऊन तसेच परत फिरतात. तुम्ही देवळाच्या मागच्या बाजूला नक्की जा. 1762 च्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी या भिंतीवर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ही रचना. नदीत राहायचं तर माशासारखं राहा, हे ज्याला सुचलं त्याने कृष्णा किती पावसाळे पाहिली असेल! शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या नंदीजवळही थोडं थांबा. गळ्यातल्या माळेची घुंगरं दगडात वेगवेगळी मोजता येतात. दगड इतका गुळगुळीत की हात लावायचा मोह होतो. तो आवरा, तेल-घामाने दगड खराब होतो.

दुसऱ्या दिवशी पाटेश्वर. देगावच्या बाजूने डोंगरावर पायवाट जाते. मी साध्या चपला घालून गेलो आणि ओल्या दगडावरून घसरलो. गुडघा सोलवटला, पण थोडक्यात निभावलं. बूट घाला, सोबत कोणीतरी असू द्या, आणि धुकं उतरायच्या आत खाली या. वर गुहांमध्ये शिवलिंगं इतकी आहेत की मोजणं सोडून द्यावं लागतं. तिथेच अग्निवृषाचं शिल्प आहे, बैल आणि माणूस एकाच देहात. ऋग्वेदात एक ऋचा आहे, “चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य”. चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेला तो वृषभ. शब्दातली प्रतिमा दगडात उतरवणं किती अवघड, ते इथे कळतं. आत अंधार असतो, टॉर्च हवीच. उजेड समोरून टाकू नका, बाजूने तिरपा टाका, म्हणजे कोरीवकाम उठून दिसतं.

संध्याकाळी माहुली. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर. रिक्षावाल्याला नुसतं ‘माहुली’ सांगू नका, ‘संगम माहुली’ सांगा. क्षेत्र माहुली नदीपलीकडे आहे, आणि आमची रिक्षा आधी तिथेच गेली, त्यात अर्धा तास गेला. नदी तांबडी, भरून चाललेली. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही.

विश्वेश्वराच्या देवळाजवळ खंड्याची समाधी आहे. खंड्या म्हणजे साताऱ्याच्या थोरल्या छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला भरजरी वस्त्रं, इनाम आणि पालखीचा मान मिळाला. 1818 नंतर साताऱ्यात कंपनीचा अधिकारी म्हणून आलेल्या ग्रँट डफनेही ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. शाहू महाराजांना लहानपणापासूनची सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत काढावी लागली. तसा माणूस कुत्र्याच्या इमानाला पालखी देतो, यात मला नवल वाटत नाही.

दगडी कुत्र्याचा चेहरा ऊन-पावसाने झिजलेला आहे. शरभासारखा दरारा नाही, नंदीसारखा डौल नाही. भाची खाली बसली आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बघू लागली. “याला बघून कोरलंय,” ती म्हणाली. “शरभ मनातून काढलेला होता. हा ओळखीचा आहे.” कोणीतरी त्याच्यापुढे जास्वंदीचं एक फूल ठेवलं होतं, पावसाने भिजलेलं.

वेळ एकाच जागेपुरता असेल तर सगळे लिंब सांगतील. मी माहुली सांगेन, तीही साडेपाचनंतर, घाटावरची गर्दी ओसरल्यावर. परतीला रिक्षा मिळायला वेळ लागतो, तेव्हा आलेल्या रिक्षालाच थांबायला सांगा. आम्ही सांगायला विसरलो होतो, म्हणून पाऊस अंगावर घेत पुलापर्यंत चालत आलो. भाची मधूनमधून मागे वळून बघत होती.