येऊर उतरल्यावर मांड्यांना मालिशचा हात कधी लावायचा

रविवारी ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर धावत चढून उतरलेल्या मांड्या सोमवारी कुरकुरतात आणि मंगळवारी जिना उतरू देत नाहीत. याला चढ नाही, उतार जबाबदार असतो. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड, लांबत लांबत ब्रेक लावतो आणि त्या ताणात त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुखणं २४ तासांनंतर वाढू लागतं, ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि पाच-सहा दिवसांत निवळतं. तेवढंच अंतर नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर सपाट धावलात तर मांड्या एवढ्या धरत नाहीत.

नेमकं या सोमवार-मंगळवारीच लोक मालिशच्या टेबलावर आडवे होतात आणि सांगतात, ‘चांगलं रगडा, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय.’ ते साठलेलं नसतं. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप, मूळ पातळीवर येतं, मालिश करा वा करू नका. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ तरुणांना सायकलवर दमवून प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालिश दिली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मालिश झालेल्या मांडीत सूज वाढवणारे रासायनिक संकेत मात्र कमी होते. २०२० च्या एका आढाव्यात २९ अभ्यास एकत्र तपासले गेले. वेग, ताकद, उडी, दम यांत मालिशने सुधारणा दिसली नाही. लवचीकता आणि दुखणं यांत थोडी दिसली. तेव्हा मालिश करून टायमिंग सुधारेल ही अपेक्षा सोडा. दुखणं थोडं हलकं होतं, सांधे मोकळे वाटतात, झोप बरी लागते. आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणाऱ्याला तेवढंही पुष्कळ आहे.

आता वेळापत्रक. शर्यत संपल्यावर पहिल्या दोन तासांत घ्यायची असेल तर १० ते १५ मिनिटं, हलक्या हाताने, तळव्यांनी. त्याआधी पाणी प्या, थोडं खा, अंग निवू द्या. डीप, म्हणजे खोल दाबाची मालिश ४८ तासांनी, आणि मॅरेथॉन असेल तर ७२ तासांनी. तोवर इजा झालेल्या तंतूंवर अंगठे रुतवून काहीही भलं होत नाही. शर्यतीआधीची शेवटची डीप मालिश तीन ते पाच दिवस आधी उरकून घ्या, कारण तिच्यानंतर एक-दोन दिवस पाय जड राहतात. आदल्या संध्याकाळी ‘मोकळं करून घेतो’ म्हणणाऱ्यांचे क्वाड सकाळी स्टार्ट लाइनवर ठणकत असतात. सरावाच्या मोसमात दोन ते चार आठवड्यांनी ४५ ते ६० मिनिटांचं एक सत्र पुरतं. दुसऱ्या दिवशी आराम किंवा सावकाश धावणं असेल असा दिवस निवडा.

जोराबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तालमीतल्या मालिशची परंपरा आपल्याकडे जुनी, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं नाही तर पैसे वसूल झाले नाहीत असं वाटतं. शून्य ते दहाच्या मापावर दुखणं पाच-सहाच्या आसपास असावं, सातच्या वर नको. माणूस श्वास रोखतो, पायाची बोटं वळवतो, पाय आपोआप आखडून घेतो तेव्हा मर्यादा ओलांडलेली असते. आखडलेल्या स्नायूत हात जात नाही. वरवरच दाब बसतो आणि दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग उठतात. मग ते डाग ग्रुपवर कौतुकाने दाखवले जातात!

पोटरीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण धावणाऱ्यांची पहिली तक्रार तिचीच असते आणि चुकाही तिथेच होतात. पालथं झोपवून घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, म्हणजे गुडघा किंचित वाकतो आणि पोटरी सैल पडते. टॉवेल नसला की टाच वर ताणलेली राहते आणि निम्मी मालिश वाया जाते. एका पोटरीला चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली तेल पुरतं. खोबरेल किंवा तिळाचं, काहीही चालेल. जास्त तेलात हात नुसता घसरतो. फारच कमी तेलात केस ओढले जातात आणि दोन दिवसांनी त्यांच्या मुळांशी पुरळ येतं. आपल्या दमट हवेत ते हमखास येतं.

पहिली दोन मिनिटं दोन्ही तळव्यांनी घोट्याकडून गुडघ्याकडे लांब, सावकाश हात. परत येताना दाब नाही. मग तीन मिनिटं मळणं: पोटरीचे वरचे दोन उभे फुगवटे, म्हणजे गॅस्ट्रॉक, एकेक मुठीत धरून हाडापासून उचलायचे आणि सोडायचे. चिमटा बसता कामा नये, पूर्ण तळवा लागायला हवा. त्यानंतर गुडघा ९० अंशांत वाकवून पाऊल वर घ्यायचं. असं केल्याने गॅस्ट्रॉक ढिला पडतो आणि त्याच्याखालचा सोलियस हा स्नायू हाताला लागतो. चढावर सोलियसला भरपूर काम पडतं आणि सरळ पायावर तो नीट सापडत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. दोन्ही अंगठे पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात, दोन्ही कडांनी आत न्यायचे. दुखरी गाठ लागली की तिथे ३० ते ६० सेकंद स्थिर दाब धरायचा. दुखणं कमी होत गेलं तर जागा बरोबर. वाढत गेलं किंवा पावलाकडे मुंग्या आल्या तर हात काढायचा. मग तसाच मध्यम दाब ठेवून समोरच्याला पाऊल पाच-सहा वेळा वर-खाली करायला सांगायचं. स्थिर दाबापेक्षा ही हालचाल जास्त मोकळीक देते असा आमचा अनुभव आहे. शेवटी पुन्हा लांब हात. एका पायाला १० ते १२ मिनिटं झाली की थांबायचं.

क्वाडला हीच पद्धत, उताणं झोपवून, गुडघ्याखाली उशी देऊन. आयटी बँडवर मात्र वेळ घालवू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा हा जाड पट्टा रोलरने किंवा कोपराने लांब होत नाही. गुडघ्याच्या बाहेर दुखत असेल तर खुब्याच्या पुढचा टीएफएल हा छोटा स्नायू आणि नितंबाचे स्नायू मोकळे करा, आणि ते मजबूत करण्याचा व्यायाम घ्या. टाचेमागच्या कंडरेचंही तसंच. ती चोळून बरी होत नाही, तिला हळूहळू वाढवलेला भार लागतो.

काही जागांवर कोपर किंवा अंगठा रुतवायचाच नाही. गुडघ्यामागची खळगी, जिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. गुडघ्याच्या बाहेर खाली लागणारं हाडाचं टोक, ज्याला वळसा घालून जाणारी नस दबली तर पाऊल बधिर होतं. जांघेचा पुढचा भाग. आणि नडगीचं हाड: तिथे एका बोटाएवढ्या जागेवर नेमकं दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो. मालिश नको, तपासणी हवी.

कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मांडीला गुडघा लागून मुका मार बसला की मैदानावरच कोणीतरी स्प्रे मारून जोरात चोळायला लागतं. आत रक्त साकळलेलं असताना चोळलं तर रक्तस्राव वाढतो, आणि क्वाडच्या खोल मारात त्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. मग गुडघा महिनोन्महिने पूर्ण वाकत नाही. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, दाबपट्टी, सहन होईल तेवढा गुडघा वाकवून ठेवणं, बस्स. नंतरही मालिश फिजिओने पाहिल्यावरच.

एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि चालताना दुखणारी असेल, विशेषतः लांबच्या बस-विमान प्रवासानंतर, तर ती रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. फार कठीण सरावानंतर लघवी कोलासारखी गडद झाली आणि स्नायू दगडासारखे लागत असले तर सरळ हॉस्पिटल. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, समोरचा विचारेल याची वाट पाहू नका. खरं तर पहिल्या भेटीत औषधं, जुन्या इजा आणि पुढची शर्यत यांबद्दल न विचारता जो थेट तेल ओततो, त्याच्या टेबलावरून उठावं. ‘स्पोर्ट्स मसाज’ची पाटी कोणीही लावू शकतो. इजा असेल तर नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टच गाठा.

मसाज गनबद्दल थोडक्यात: कमी वेग, एका स्नायूला एक ते दोन मिनिटं, हाडावर आणि मानेच्या पुढच्या बाजूला कधीच नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. जांघेत किंवा मांडीवर गोल, खाजरा, कडा उठलेला नायटा असेल तर तो बरा होईपर्यंत सत्र पुढे ढकला. तो हातांनी आणि टॉवेलने पुढच्या माणसाला लागतो. आणि दुसरी गोष्ट याहून गंभीर. वर्षा मॅरेथॉनच्या तयारीत ठाण्यातले लोक तुंबलेल्या पाण्यातूनही धावतात. त्यानंतर पाच ते चौदा दिवसांत पोटऱ्या हात लावू देईनात, सोबत ताप, डोकेदुखी, लाल डोळे असले तर ते धावण्याचं दुखणं नसून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग, असू शकतो. पोटऱ्यांचं तीव्र दुखणं हे त्याचं ठळक लक्षण आहे, आणि उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर येतं. डेंग्यूतही अंग असंच मोडून येतं आणि त्यात काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ताप असताना स्वतःच्या मनाने ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. ताप आहे तोवर मालिश नाही. डॉक्टरांकडे गेलात की कोणत्या दिवशी पाण्यातून धावलात आणि पायाला जखम होती का, ते आपणहून सांगा.