आमची वाटचाल : समुद्र अर्धा तास पुरतो

वरुडमधून सिंगापूरच्या फॅमिली टूर नेणारे आता बरेच झालेत, रील टाकून राह्यले, झेंडे फडकवून राह्यले, चांगलं आहे. आम्ही सुरू केलं तेव्हा इथं टूर म्हणजे चारधाम नाहीतर तिरुपती, आणि विदेश म्हटलं की लोक हमखास म्हणायचे, समुद्र दाखवा. समुद्र नाही ना आपल्याकडे.

पण राजेहो, समुद्र आपल्या माणसाला अर्धा तास पुरतो. पाय ओले केले, फोटो काढला, की पोट्टे विचारतात आता काय? म्हणून आम्ही सेंटोसाची, म्हणजे सिंगापूरच्या करमणुकीच्या बेटावरची, तिकिटं आधी धरली आणि बीच शेवटी ठेवला. तिथला बीच तसाही फुकट आहे, वाळूसुद्धा बाहेरून आणून टाकलेली. पैसे लागतात ते युनिव्हर्सल (सिनेमांवरच्या राइड्सचं मोठं पार्क), वॉटरपार्क, मत्स्यालय आणि ल्यूजला. ल्यूज म्हणजे बिनइंजिनाची गाडी, हँडल मागंपुढं करत उतारावरून खाली सोडायची आणि झुल्यासारख्या खुर्चीत बसून परत वर यायचं. संत्र्याचे ट्रॅक्टर चालवणारे आमचे काका लोक तिथून हलत नाहीत.

आमच्या ऑफिसात दाराजवळ सागाची पट्टी आहे, सुताराकडून खास करून घेतलेली, तिच्यावर खाचा आहेत, कोणत्या राइडला पोराची कमीत कमी किती उंची लागते त्याच्या. १०२ ला ट्रान्सफॉर्मर्स, १०७ ला ज्युरासिकची पाण्यातली राइड, ११० ला ल्यूज एकट्यानं, १२२ ला ममी, १२५ ला बॅटलस्टार, ल्यूज सोडून सगळ्या युनिव्हर्सलमधल्या राइड. सगळे सेंटीमीटर. बुकिंगच्या आधी पोराला चप्पल काढून पट्टीला लावतो. आया केस वर करून दाखवतात, ते चालत नाही, तिथला माणूस दांडी डोक्याला टेकवून बघतो आणि सरळ बाहेर काढतो. लायनीत उभं राहून रडणारं पोरगं सांभाळण्यापेक्षा वरुडातच रडलेलं बरं.

आता आमच्याकडूनच फुटलेल्या एका गृहस्थांबद्दल. नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच टूरवर मदतनीस म्हणून आले, विसाचा मॅट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर कसा लागतो इथपासून सगळं आमच्याकडे शिकले, आमच्या कार्यक्रमपत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढला आणि पुढच्या सीझनला बसस्टँडसमोर दुकान थाटलं. रेट आमच्यापेक्षा कितीतरी खाली. कसा? कागदावर ‘सेंटोसा आयलंड भेट’, आणि प्रत्यक्षात युनिव्हर्सलच्या बाहेरच्या फिरत्या गोळ्यासमोर फोटो, मग सिलोसो बीचवर उभं राहून लांबची जहाजं मोजा, आत जायचं तर तिकीट ज्याचं त्यानं काढा. चार जणांच्या घरानं डॉलरमध्ये तिकीट काढायचं म्हणजे काय होते ते सांगायला नको. लोक परत येऊन म्हणाले सिंगापुरात काहीच नाही, आणि ऐकून बुकिंग तुटली आमची! बदनामी त्यांची अन भरपाई आम्ही करायची.

त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२०. मृग बहाराचा संत्र्याचा बगीचा विकला की मार्चमध्ये इथं पैसा हातात येतो, तेव्हाच आमचे ॲडव्हान्स जमा होतात. मे महिन्याची बॅच फुल होती, पैसे मुंबईच्या होलसेलवाल्याकडे गेलेले. २३ मार्चला रात्री सिंगापूरनं बाहेरचे पर्यटक बंद केले. होलसेलवाल्यानं पैशांऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे पुढच्या टूरमध्ये वळते करू असा कागद, पाठवली आणि फोन उचलणं सोडलं. गिऱ्हाईक क्रेडिट नोट घेऊन काय करीन? टेम्पो ट्रॅव्हलर विकली, भावाच्या वाट्यातलं वावर गहाण टाकलं, आणि दर आठवड्याला थोडेथोडे परत करत गेलो. ते गृहस्थ तेव्हा शटर पाडून गावाला गेले होते, हेही लोक विसरले.

एका रिटायर्ड गुरुजींनी मात्र पैसे मागितलेच नाहीत. नातवाचं बुकिंग होतं, पोरगं पट्टीवर ममीच्या खाचेला दोन बोटं कमी. गुरुजी चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, “माझे राहू दे तुझ्याकडे, पोरगं तोवर वाढते.” त्यानंतर ऑफिससमोरची गर्दी जरा पांगली. १ एप्रिल २०२२ ला लस घेतलेल्यांसाठी सिंगापूर उघडलं, त्या पहिल्या बॅचला गुरुजी आणि नातू दोघं होते, आणि नातू ममीत बसलाच बसला. गुरुजी बाहेर बाकावर चिवडा खात होते.

पुढची वर्षं ठीक गेली. टीसीएसवरून, म्हणजे विदेश टूरच्या पैशावर आम्हाला आधीच कापून भरावा लागतो त्या टॅक्सवरून, दरवेळी भांडण होते, पण तो सरकारचा आहे, रिटर्न भरा, हिशेबात धरला जातो.

विषय निघालाच आहे तर सांगतो. दुपारी तिथं वीज कडाडली की ल्यूज, वॉटरपार्क, बाहेरच्या राइड्स सगळं थांबवतात, म्हणून उघड्यावरचं सकाळी उरका आणि मत्स्यालय दुपारी धरा. जुलै २०२५ पासून ते मोठं होऊन ओशनेरियम झालंय, दोन तास कमी पडतात. बॅगेत खर्रा (आपली तंबाखू-सुपारी), गुटखा, खसखस, च्युइंगम काही नको. खर्ऱ्यावाल्यांनी घरीच राहिलेलं बरं, हे मी तोंडावर सांगतो.

आणि एक. आपल्या शाळा २६ जूनच्या आसपास उघडतात म्हणून लोक जूनची बॅच मागतात. तेव्हा सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी असते, राइडला लाइनच लाइन. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बॅच काढत नाही. ज्यांना जूनच पाहिजे त्यांनी बसस्टँडसमोर जावं, तिथं आता स्टिकरची पट्टीपण लावली म्हणतात, फक्त १२५ ची खूण टाकायची राहिली.