हळद, सीताफळ आणि एमटीटीचा चकवा

वसमतची हळद घ्या नाहीतर धारूरच्या डोंगरातलं सीताफळ, प्रोजेक्टचा निष्कर्ष ठरलेला: अर्कानं ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी मरतात. मरणारच. अर्क पुरेसा घट्ट केला की कशानंही मरतात. किती मात्रेत मेल्या आणि खरंच मेल्या का, हे बघायचं असतं.

दारातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन हे ल्युकेमियावरचं औषध पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. गुणसूत्रं ओढणारे धागे तयार होत नाहीत, पेशी विभाजनाच्या मधेच अडकते आणि मरते. त्याला नॅनोमोलर मात्रा पुरते. हळदीतल्या कर्क्युमिनला १०-२० मायक्रोमोलर लागतं (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर), म्हणजे हजारपटीच्या घरात.

कर्क्युमिनचा रेणुभार ३६८.४. १ मिली डीएमएसओ या द्रावकात ३.६८ मिग्रॅ विरघळवलं की १० मिलिमोलर स्टॉक होतो. बाजारातल्या ‘९५ टक्के’ पावडरीत त्याचे दोन भाऊबंदही असतात, त्यामुळे हा हिशोब शुद्ध कर्क्युमिनलाच लागू. स्टॉक मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) हजारपट पातळ केला की १० मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ ०.१ टक्का. तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींनाही) द्या. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या मीडियात कर्क्युमिनचा बराचसा भाग अर्ध्या तासात विघटित होतो. म्हणून १० टक्के सीरम ठेवा, द्रावण ऐनवेळी बनवा, प्लेट उजेडात ठेवू नका.

९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला के-५६२ या ल्युकेमियाच्या पेशीवाणाच्या १० हजार पेशी, ४८ तास. मग ५ मिग्रॅ/मिलीचं एमटीटी, १०० मायक्रोलिटरला १०, आणि तीन-चार तास थांबा. एमटीटी हा पिवळा रंग; जिवंत पेशींचा चयापचय त्याचे जांभळे स्फटिक करतो. मीडिया काढून ते विरघळवायचे आणि जांभळेपणा रीडरवर मोजायचा: जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. या पेशी तळाला चिकटत नाहीत, तरंगतात. प्लेट सेंट्रिफ्यूज न करता मीडिया ओढला तर त्यासोबत पेशीही जातात, आणि रीडरवर औषध जालीम दिसतं! निम्मे ‘निकाल’ इथंच तयार होतात.

हळदीची खोड उलटी. पॉलिफिनॉल एमटीटीला स्वतःच जांभळं करू शकतात, म्हणजे मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. पेशी न टाकता नुसतं मीडिया, कर्क्युमिन आणि एमटीटीचे तीन वेल ठेवा आणि ५७० नॅनोमीटरचं त्यांचं रीडिंग वजा करा. सीताफळाच्या बियांतली ॲसिटोजेनिन्स मायटोकॉन्ड्रियाचा पहिला कॉम्प्लेक्स रोखतात. तिथं चयापचय मंदावला तरी आकडा पडतो, पेशी मेलेली असेलच असं नाही. मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगानं मोजून खात्री करा. (बियांची पूड डोळ्यांना घातक, हातमोजे-चष्मा हवाच.)

अपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं) दाखवायला अनेक जण ॲनेक्सिन-फिट्सी वापरतात; ते मरू लागलेल्या पेशींना चिकटून हिरवं चमकतं. कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं, त्याच चॅनेलमध्ये. लाल लेसरवरचं ॲनेक्सिन-एपीसी घ्या आणि औषध दिलेल्या, पण न रंगवलेल्या पेशींची एक नळी ठेवाच.

‘निरोगी पेशींना अपाय नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी रक्तातल्या लिम्फोसाइट्सना (पांढऱ्या पेशींना) पीएचए हे विभाजनाला चालना देणारं प्रथिन देऊन विभाजायला लावा. झोपलेल्या पेशींवर व्हिन्क्रिस्टीनसुद्धा बरंच निरुपद्रवी दिसतं.

आणि हळदीचं दूध सुचवणाऱ्यांना सांगा: ग्रॅमनं कर्क्युमिन खाल्लं तरी रक्तात १० मायक्रोमोलर चढत नाही.