सकाळचे सुविचार का बंद केले? तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीच्या ग्रुपवर विचारून झालं. मेहुण्याने भर पंगतीत विचारलं. परवा इस्त्रीवाल्याकडे खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाठलं, "तुमचं ते सकाळचं कलामांचं बंद पडलं ते पडलंच. तब्येत बरी असते ना?"

तब्येत उत्तम आहे. पहाटे सहाला डॉ. कलामांचा फोटो आणि खाली एक ओळ, असं मी चार वर्षं पाठवत होतो, एकही खाडा न करता. बंद केल्यावर "वेळ मिळत नाही" असं सांगायचो. ते खोटं होतं. दोन मिनिटांचं तर काम.

माझ्याकडे त्यांचे म्हणून दोन मेसेज होते. एकात ते सांगतात, मी गेल्यावर सुट्टी देऊ नका, उलट एक दिवस जास्त काम करा. दुसऱ्यात सांगतात, ऑफिसातून वेळेवर घरी जा, कामावर प्रेम करा पण कंपनीवर नको. फोटो तोच, हसरा, केस कपाळावर. हे ते कुठे बोलले, कधी बोलले, एकातही नाही. पहिला मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचो, दुसरा नातेवाइकांच्या. हे तेव्हा मला अजिबात खटकलं नाही. आज खटकतं म्हणून मी काही शहाणा ठरत नाही.

२७ जुलै २०१५ ला शिलाँगच्या आयआयएममध्ये व्याख्यान देताना ते कोसळले आणि गेले. वय ८३. दुसऱ्या दिवशी मी आमच्या अकाउंट्स विभागाला उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली आणि म्हणालो, आज कोणी लवकर जायचं नाही. रात्री आठपर्यंत सगळे बसले. मला फार बरं वाटलं होतं. खरं सांगतो, श्रद्धांजलीपेक्षा तुंबलेली व्हाउचरं संपल्याचं जास्त.

मग ती प्रदर्शनाची गोष्ट. तुम्हालाही आली असेल. एका शास्त्रज्ञाने मुलांना प्रदर्शनाला न्यायचं म्हणून साडेपाचला निघायची परवानगी घेतलेली असते. कामात तो विसरतो, रात्री घरी पोचतो, तर साहेब, म्हणजे कलाम, स्वतः येऊन मुलांना घेऊन गेलेले असतात. खरी की रचलेली, देव जाणे. मी ती नव्या भरती झालेल्या प्रत्येकाला सांगायचो. साहेब कसा असावा, म्हणून. त्यात एक बाप पोरांना दिलेला शब्द साफ विसरला, हे मला एकदाही दिसलं नाही.

१५ ऑक्टोबर, त्यांचा जन्मदिवस, आपल्याकडे शाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून होतो. २०१९ साली माझी मुलगी पाचवीत होती. तिला उतारा दिला होता एसएलव्ही-३ चा, म्हणजे उपग्रह अवकाशात नेणाऱ्या प्रक्षेपक यानाचा. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून यान उडालं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. मोहिमेचे प्रमुख कलाम, पण पत्रकारांसमोर अपयश अंगावर घेतलं इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. पुढच्या वर्षी १८ जुलैला यान यशस्वी झालं, तेव्हा पत्रकारांपुढे धवनांनी कलामांना पाठवलं. आठवडाभर घरात हेच. 'प्रक्षेपक' शब्दाला ती अडखळायची, म्हणून पेन्सिलीने तिने तो तोडून ठेवला होता: प्रक्-षे-पक.

कार्यक्रम दहाला. मी साडेनऊला "पाच मिनिटांत निघतो" म्हणून फोन केला. बँकेचा ताळा लागत नव्हता. फरक ५,४०० चा. नऊने भाग जातो, म्हणजे कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय, एवढं कळत होतं, आणि एकदा कळलं की उठवत नाही. सापडलं शेवटी, १७,१०० च्या जागी ११,७०० मारले होते. घड्याळात पावणेबारा.

शाळेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. बाई म्हणाल्या, "छान वाचलं हो, मध्ये जरा थांबली. मग मीच पुढचं वाचलं." कुठे थांबली ते मी विचारलं नाही.

रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, यान पडलं तेव्हा कलाम सरांबरोबर कोणीतरी होतं ना?"

"हो, धवन सर होते."

"हं."

बास, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. घरी येऊन जेवली. आणि मी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला स्वप्नांबद्दलची एक ओळ पाठवली, सवयीने. सगळ्यात आधी हात जोडले ते तिच्या बाईंनी. तो शेवटचा मेसेज.

आता तुम्ही म्हणाल, यात कलामांचा काय दोष? काहीच नाही. मीही स्वतःला हेच म्हणतो. ज्या माणसाने संसार मांडला नाही आणि बोलता बोलता देह ठेवला, त्याला मी सुट्टीचा पुरस्कर्ता करू पाहत नाही. पण राष्ट्रपती असताना २००६ साली त्यांनी पन्नासेक नातेवाइकांना आठवडाभर राष्ट्रपती भवनात ठेवून घेतलं होतं, आणि खोल्यांच्या भाड्यापासून चहाच्या कपापर्यंतचे साडेतीन लाखांच्या आसपास पैसे स्वतःच्या खिशातून भरले. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी हे सांगितलंय. हिशेब चोख आणि माणसंही घरात! चार वर्षांत हे मी एकदाही पाठवलं नाही. पाठवलं असतं तरी मी बहुतेक बिलाबद्दलच लिहिलं असतं.

आणि मी सुधारलो वगैरे समजू नका. गेल्या आठवड्यात विभागातल्या एकीने मुलाच्या स्नेहसंमेलनासाठी लवकर जायचं विचारलं. मी म्हणालो, "चारला निघा." साडेपाचला पाहतो तर ती जागेवरच, पर्स मांडीवर आणि नजर स्क्रीनवर. माझ्या केबिनचं दार उघडंच होतं. जीएसटीचं रिटर्न त्या दिवशी भरायचं होतं, आणि ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमत नाही.