पिअर ४७ चा पिंजरा

माझं काम प्रोग्रेस फोटोंचं. उड्डाणपुलाच्या साइटवर महिन्यातून दोनदा जायचं आणि ठरलेल्या जागांवरून ठरलेले फोटो काढायचे. क्षितिज सरळ हवं, पिअरचा, म्हणजे पुलाच्या खांबाचा, नंबर आणि तारीख लिहिलेली पाटी फोटोत हवी.

त्या सकाळी पिअर ४७ च्या कॅपचा पिंजरा चढवायचा होता. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे हात पसरल्यासारखा जो भाग असतो, ती कॅप. तिच्या सळया आधी जमिनीवर बांधून घेतात: ३२ मिलिमीटरच्या जाड सळया, त्यांना वेढणाऱ्या रिंगा आणि बायंडिंग वायरच्या असंख्य गाठी. मागच्या खेपेला तो अर्धवट बांधलेला पाहिला होता, तेव्हा नुसतं तांबूस लोखंड वाटलं होतं.

क्रेनने उचलला आणि त्याच्या आरपार आकाश दिसायला लागलं. पिंजरा दोरावर सावकाश वळत होता. अलीकडच्या आणि पलीकडच्या रिंगा एका रेषेत आल्या की सगळा पिंजरा क्षणभर पारदर्शक व्हायचा. जरासा वळला की पुन्हा दाट, काळा. पाटीचा फोटो झाला होता. मी बॅरिकेडच्या बाहेर मातीतच उताणा पडलो आणि कॅमेरा तिरका धरला.

जर्मेन क्रुल या छायाचित्रकर्तीने १९२८ साली पॅरिसमध्ये ‘मेताल’ (धातू) हा ६४ फोटोंचा संच प्रसिद्ध केला. सुटी पानं, बांधणी नाही. आयफेल टॉवर, रॉटरडॅमचा रेल्वेचा उचलपूल, क्रेन, सगळं खालून, तिरकं, जवळून. तो तिरकेपणा मला इतके दिवस हौसेचा वाटायचा. मातीत पडल्यावर कळलं, की अशा लोखंडाला दर्शनी बाजूच नसते. ते कुठूनही तेवढंच खरं असतं आणि सरळ क्षितिजाच्या फोटोत नेमकं हेच हरवतं.

दोर धरून पिंजऱ्याला दिशा देणारे दोघे मात्र मी मुद्दाम फोटोत ठेवले. मार्गारेट बर्क-व्हाइटच्या फोर्ट पेक धरणाच्या फोटोत, १९३६ च्या ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर, अजस्र खांबांच्या पायाशी दोन माणसं आहेत, टाचणीएवढी. ती बोटाने झाकून बघा, खांब खेळण्यातले वाटायला लागतात.

वीसेक मिनिटांत पिंजरा जागेवर बसला. दुसऱ्या रात्री त्यात काँक्रीट भरणार होते. म्हणजे आख्खाच्या आख्खा तो दिसला तो तेवढाच वेळ. या कामाचं मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच: सर्वांत देखणी अवस्था सर्वांत आधी झाकली जाते.

सळई बांधणारे मिस्त्री पश्चिम बंगालमधल्या मालद्याचे. त्यांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोटाने मोठा करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिंगा बघत गेले. मग म्हणाले, “एक जैसा आया है.” एकसारखं आलंय. फोटोबद्दल की बांधणीबद्दल, मी विचारलं नाही. त्यांना वेगळं वाटत असेल असंही मला वाटलं नाही. फोटो घरी पाठवायला मागितला. तुम्हीही उभे राहा म्हटलं, तर नको म्हणाले, नुसता पिंजराच द्या.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. ४८ चा पिंजरा उद्या चढतोय, सातच्या आत या, नंतर ऊन डोक्यावर येतं.