ट्रॅक्टर विकायचा नाही, इंजिन उतरवायचं

गेल्या जूनपासून आमच्या घरात एकच विषय आहे. ट्रॅक्टर विकायचा की त्याचं काम करायचं? 35 एचपीचा, तीन सिलिंडरचा, वय 18. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. आता मी चालवते. मुलगा म्हणतो, "आई, देऊन टाक." दीर म्हणतात, "वहिनी, भंगाराच्या भावात घालू नका."

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या काळ्या रानात सोयाबीन 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नसतं. पाऊस होतो, मग वाफशाची, म्हणजे माती पेरणीजोगी सुकण्याची, वाट बघायची. वाफसा आला की दोन-तीन दिवसांत बी मातीआड झालं पाहिजे. गेल्या जूनमध्ये वाफसा आला, नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. डिझेलची एअर काढली, दुसरी बॅटरी लावली, शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून सुरू केला. दुपारी पुन्हा बंद. भाड्यानं लावावा म्हटलं, तर वाफसा सगळ्या गावाला एकदमच येतो. कुणाचा ट्रॅक्टर मोकळा मिळणार? चार एकर तशीच राहिली, वरून पाऊस आला आणि पेरणी आठवडाभर लांबली. मिस्त्रीच्या बिलापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं, आणि ते वहीत कुठंच मांडलं जात नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवा, असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

पारावर आणखी एक भीती ऐकू येते: 15 वर्षं झाली, आता सरकार ट्रॅक्टर मोडीत काढणार. तसं नाही. 15 वर्षांनंतर सक्तीनं मोडीत काढायचा नियम 2023 पासून आला तो सरकारी वाहनांना. आपल्या ट्रॅक्टरची आरटीओकडं पुनर्नोंदणी करायची, ती पाच वर्षांसाठी मिळते. आमची झालेली आहे. या भीतीपोटी कुणी चांगला ट्रॅक्टर मातीमोल विकू नये.

नवा घ्यायचा विचारही केला. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, त्यामुळं किंमत उतरली आहे. पण जुना देऊन, वर रोख भरूनही सहामाही हप्ता 75,000 च्या आसपास बसत होता. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. त्या भावानंही एका हप्त्याला 14 क्विंटल लागतात, म्हणजे वर्षाला 28. आमची जमीन नऊ एकर, उतारा एकरी सात-आठ क्विंटल. जवळजवळ चार एकरांचं पीक नुसत्या हप्त्याला द्यायचं? मला ते पटत नाही.

मग मिस्त्रीला घरी बोलावून नीट तपासणी करून घेतली. निळा धूर येतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, वाफारे निघतात, ऑइल कमी होतं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) उरलं नाही, म्हणूनच थंड इंजिन सकाळी पकडत नाही. पण ऑइल दुधाळ झालेलं नाही, म्हणजे त्यात पाणी उतरत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, तर तासभर तो खाली आला नाही. ओझ्याखाली गिअर सुटत नाही, क्लच घसरत नाही. दुखणं एकट्या इंजिनात आहे, आणि ते औशातच उतरवून बसवता येतं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, नोझल आणि पंपाची तपासणी, मजुरीसह साठ-पासष्ट हजार. एका हप्त्याहून कमी!

गिअरबॉक्स किंवा क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारे दातेरी गिअर) गेलं असतं, तर मी स्वतःच गिऱ्हाईक शोधलं असतं. आताही इंजिन उघडल्यावर ब्लॉकला चीर दिसली, तर पुढं एक रुपया घालायचा नाही, आहे तसा विकायचा, हे मी मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलंय. दीरांनाही हे पटलं. मुलगा अजून नाराज आहे.

हरभरा निघाला की मार्चमध्ये इंजिन उतरवायचं. मे महिन्यात ऊन तापलेलं असताना सगळ्या रानाची मोगडणी, म्हणजे पेरणीआधीची मशागत, याच ट्रॅक्टरनं करायची, म्हणजे जे काही ढिलं राहिलं असेल ते पेरणीआधी कळेल आणि मिस्त्रीलाही हात मोकळा असेल.