शंभर कोटी सेकंद आणि पाच बैलजोड्या

पुतण्या मोबाइल घेऊन ओट्यावर आला. "काका, तुमाले शंभर कोटी सेकंद कवा पूर्ण झाले, सांगू?"

म्हटलं, सांग बाप्पा.

"८ फेब्रुवारी २०१२!"

शंभर कोटी सेकंद म्हणजे ११,५७४ दिवस, वर पावणेदोन तास. माणूस एकतीस पार करून बत्तिशीकडे निघाला की हा टप्पा गुपचूप येऊन जातो. पोराचा हिशेब चोख होता. घोळ होता तो त्यानं धरलेल्या जन्मतारखेत. ती त्यानं शाळेच्या दाखल्यावरून उचलली होती: १ जून १९८०.

आमच्या वर्गातली अर्धी पोरं १ जूनची. दाखले पाहिले तर वाटावं, गावातल्या सगळ्या माया एकाच दिवशी बाळंत झाल्या. नाव घालायला गेलं की गुरुजी पोराचे दात बघत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत, अन् १ जून टाकून मोकळे होत.

खरी तारीख आजीजवळ होती. "पोरायचा तान्हा पोया सुटला, दिवे लागले, अन् तू झाला." मी जुनं पंचांग काढलं. त्या साली पोळा ९ सप्टेंबरला, पोरांचा तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी १० चा. दाखल्यात अन् माझ्यात १०१ दिवसांचं अंतर. सेकंदांत ८७ लाख २६ हजार ४००. सेकंदांचं सोडा, नोकरीत हे अंतर झोंबतं. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे मी ३१ मेला घरी. खऱ्या तारखेनं सप्टेंबर अखेरपर्यंत टिकलो असतो. गुरुजींच्या एका फटकाऱ्यात चार पगार गेले.

तिथीची गंमत निराळी. दर एकोणीस वर्षांनी तिथी अन् तारीख पुन्हा जवळपास जुळतात, कारण तेवढ्या काळात चंद्राचे २३५ महिने बसतात. १९९९ ला अन् २०१८ ला माझा वाढदिवस बरोबर तान्ह्या पोळ्यालाच आला. शंभर कोटी सेकंद मात्र १९ मे २०१२ ला, रात्री आठच्या सुमारास भरले असणार. मे महिना, वर्धा जिल्हा. मी तेव्हा कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत असेन, दुसरं काय!

आजीला यातलं काही लागत नसे. तिचं वय बैलजोड्यांत. पहिली जोडी माहेरहून बंडीसकट आली. दुसरी बहात्तरच्या दुष्काळात कवडीमोल गेली. ते सांगताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. "तू तिसऱ्या जोडीच्या वक्ताचा," असं म्हणायची, अन् त्यातल्या डाव्या बैलाचं एक शिंग कसं वाकडं होतं, तेही. चौथीवर दोन एकर वाहितीत आलं. पाचव्या जोडीतला एक बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही, अन् त्याच हिवाळ्यात आजी गेली. एवढं कोणत्या मोबाइलात निघतं?

त्यानंतर घरी ट्रॅक्टर आला.

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "मंग मी किती ट्रॅक्टरचा?"

म्हटलं, "अजून एकाचाही नाही. त्याचे हप्ते फिटू दे."